न्येरेरे यांच्याविषयी वाचताना

आजचा सुट्टीचा दिवस टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्याविषयी वाचण्यात गेला. ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) स्वतंत्र झाल्यावर पंतप्रधान झालेल्या या माणसाने अवघ्या काही आठवड्यांत, जानेवारी १९६२ मध्ये, पक्षबांधणीसाठी ते पद आपले सहकारी रशिदी कावावा यांच्याकडे सोपवले, हे वाचून मी थबकलो. आपल्याकडे खुर्ची सुटता सुटत नाही, हे वेगळे सांगायला नको. वर्षअखेरीस न्येरेरे राष्ट्राध्यक्ष म्हणून परतले. शंभराहून अधिक जमातींच्या देशाला स्वाहिली भाषेच्या आधारे एकत्र बांधण्याचे त्यांचे काम मला सर्वांत मोठे वाटते.

मात्र समाजवादी धोरण मांडणाऱ्या १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतरची 'उजामा' योजना वाचताना मन खट्टू झाले. सहकारी शेतीचे स्वप्न सुरुवातीला स्वेच्छेचे होते. पुढे सत्तरच्या दशकात लाखो शेतकऱ्यांना सक्तीने नव्या गावांत हलवण्यात आले आणि ते परतू नयेत म्हणून काही ठिकाणी त्यांची जुनी घरे जाळण्यातही आली. हेतू प्रामाणिक होता म्हणून ही सक्ती क्षम्य ठरते, असे मला वाटत नाही. तरीही १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्षपद स्वतःहून सोडून बुटियामा या आपल्या गावी शेती करायला गेलेल्या न्येरेरेंविषयीचा आदर कमी होत नाही.