उचकी आणि धाप

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीला एक खोड लागली. सिग्नल सुटला, मी पाय दाबला, की पुढे जायच्या ऐवजी गाडी क्षणभर खालीच बसायची. कुणी मागून बंपर धरून ठेवल्यासारखी. मग एक आचका, आणि सुटली. ठाण्यात तीन हात नाक्यावर असं झालं की मागचा रिक्षावाला काय म्हणतोय ते काचा वर असल्या तरी कळतं.

गाडी १९८८ ची. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, हवा-पेट्रोल मिसळणारा एकच सोलेक्स कार्बोरेटर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो, आयुष्य व्हर्नियर आणि गेज हातात धरून गेलं. न मोजता एक बुश कधी पास केला नाही. आणि घरच्या गाडीच्या बाबतीत मात्र दोन महिने काहीही न मोजता नुसते पार्ट बदलत बसलो, हे आधीच कबूल करून टाकतो.

प्लग बदलले. डेल्कोतले (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले) पॉइंट घासले, मग नवेच टाकले, कंडेन्सरही बदलला. फरक शून्य. मग एका गॅरेजवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, कार्बोरेटर गेलाय. ओव्हरहॉल करतो आणि जेट एक नंबर मोठा टाकतो, उडेल गाडी." गाडी उडाली नाही, पेट्रोल उडालं. प्लग आठ दिवसांत काजळी धरून काळे, जिन्यापर्यंत वास, आणि आचका होता तिथेच. जुना जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) मागून घेतला होता म्हणून बरं. तो मीच परत बसवला.

शेवटी हिने विचारलं, "अहो, नक्की कधी होतं ते लिहून तरी ठेवलंय का?" इन्स्पेक्टरला हा प्रश्न बायकोने विचारावा! मी म्हटलं, गाडी चालवताना कसं लिहू? तर ही शेजारी बसून लिहायला लागली. घरी आल्यावर ते कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशोबाखाली उतरायचं. पंधरा दिवसांनी बघितलं तर दोन प्रकारच्या खुणा. काही ठिकाणी "उ", काही ठिकाणी "धा".

"उ म्हणजे उचकी, धा म्हणजे धाप," ही म्हणाली. "दोन्ही तुम्हाला एकच वाटतात का?"

मला खरंच एकच वाटत होत्या. मी दोन्हीला आचका म्हणत होतो.

उचक्या बघितल्या तर सगळ्या नितीन कंपनी, कॅडबरी, माजिवडा अशा सिग्नलच्या जागी. इंजिन गार असो की गरम, पाय झटकन दाबला की हमखास. सावकाश दाबला तर नाही. एवढ्यावरून मला कळायला हवं होतं. ॲक्सिलरेटर एकदम उघडला की हवा हलकी म्हणून लगेच आत धावते, पेट्रोल जड म्हणून मागे राहतं. त्या अर्ध्या क्षणात मिश्रण पातळ होतं आणि इंजिन घुटमळतं. हा खड्डा भरायला कार्बोरेटरच्या कुशीत एक छोटा पंप असतो. पाय दाबला की त्यातला पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, ढकलला जातो आणि बारीक नळीतून पेट्रोलची पिचकारी थेट घशात पडते. जेट कितीही मोठा करा, ही पिचकारी नसेल तर उचकी जात नाही.

तपासणी दोन मिनिटांची. इंजिन बंद आणि गार. एअर फिल्टर काढायचा, टॉर्च मारून कार्बोरेटरच्या घशात बघायचं आणि हाताने लिव्हर ओढायचा. लिव्हर हलल्याहलल्या सरळ, सलग धार दिसली पाहिजे. माझ्याकडे आधी काहीच नाही, मग बुडबुडा, मग लहान मुलाच्या नाकासारखं एक थेंबभर ओघळलं. त्याआधी आणखी एक खूण मिळाली होती: चोक अर्धा ओढून चालवली तर उचकी जवळजवळ गायब. चोक हवा अडवतो, मिश्रणात पेट्रोल वाढतं; त्याने सुधारणा झाली, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय.

पंप उघडला. डायफ्राम पापडासारखा कडक, कडेला तडा. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. हे रबर बनलं तेव्हा असलं पेट्रोल कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर गाडी मुळातच थोडी पातळ चालते. पंप कमजोर झाला की ते लगेच उघडं पडतं. सगळा दोष इथेनॉलवर ढकलणारे मित्र आहेत माझे. मी ढकलत नाही. तो डायफ्राम निदान पंधरा वर्षं तरी कुणी बघितला नव्हता, मीसुद्धा.

किटसाठी कुर्ल्याला गेलो. आमच्या गाडीचं माहेरच ते. कारखाना गेला, प्रीमियर रोड हे नाव राहिलं. दुकानदाराने किटमधला डायफ्राम हातात दिला, मी तो उजेडात धरून वाकवून बघितला, तेव्हा तो हसला. पंपाखालची बारीक गोळी अडकलेली होती, तीही साफ केली, नळीतून हवा मारली. बसवला, लिव्हर ओढला, सणसणीत धार. त्या संध्याकाळी माजिवड्याला गाडी अशी सुटली की हिने डॅशबोर्ड धरला.

उचकी गेली. धाप राहिली.

धाप म्हणजे चालत्या गाडीचा जीव हळूहळू कमी होत जायचा. पाय तसाच, वेग उतरतोय. आम्ही महिन्यातून दोनदा वसईला साडूकडे जातो. जाताना हे गायमुखच्या चढावर व्हायचं, म्हणून मी चढाला दोष देत होतो. पण कालनिर्णय म्हणत होतं की येताना वर्सोवा पुलाच्या आसपास होतं, आणि तिथे चढ कसला? जागा निराळ्या, वेळ मात्र सारखी: निघाल्यापासून अर्धा तास. आणि टाकी फुल्ल करून निघालो त्या रविवारी तर मानपाड्यालाच. फुल्ल टाकीत लवकर का? त्यावर मी दोन रात्री छताकडे बघत होतो.

तिसऱ्या दिवशी मुद्दाम निघालो, धाप लागली तशी गाडी बाजूला घेतली आणि टाकीचं झाकण उघडलं. फुस्स! प्रेशर कुकरची शिट्टी उलटी आत ओढल्यासारखा आवाज. पेट्रोल जातं तेवढी हवा टाकीत यावी लागते. ती येत नव्हती. टाकीत पोकळी वाढत जायची, इंजिनवरचा एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा) ओढून ओढून दमायचा आणि कार्बोरेटर उपाशी. फुल्ल टाकीत वर हवेला जागाच थोडी, म्हणून पोकळी लवकर तयार व्हायची. टाकीची हवेची नळी गंजून कधीच बुजली होती, तरी इतकी वर्षं जुन्या झाकणाच्या भोकावर निभावलं होतं. ते झाकण पावसाळ्याआधी बदललं. चावीचं, चकचकीत, भोक नसलेलं. बदललं कुणी? मीच. पेट्रोल चोरीला जाऊ नये म्हणून.

ही शेजारच्या सीटवरून बघत होती. काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

जुनं झाकण स्क्रूच्या डब्यात सापडलं, ते लावलं. नळी तारेने मोकळी केली. परवा वसईला जाऊन आलो, गायमुखला तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सरळ चढली.

कालनिर्णयवर आता फक्त दूध. काल बघितलं तर गुरुवारच्या चौकोनात ठळक "उ". छातीत धस्स झालं. गाडी तर त्या दिवशी बाहेरही काढली नव्हती. विचारलं, तर म्हणाली, "उपास."