आजीचे तेलुगू आणि हातातला मोबाइल

सोलापूर, मंगळवार रात्री

आपल्या पूर्व भागात घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि शेजारी कन्नड किंवा उर्दू ऐकत मुले मोठी होतात, त्यामुळे ‘घरात भाषा फार झाल्या म्हणून तर हा बोलत नसेल ना?’ हा प्रश्न माझ्या दवाखान्यात नेहमीचाच आहे. आज अडीच वर्षांच्या एका मुलाला घेऊन आई आणि आजी आल्या होत्या. प्ले ग्रुपमध्ये ‘घरी फक्त इंग्रजी बोला’ असे सांगितल्यामुळे आजीने नातवाशी बोलणेच जवळपास सोडले होते. याचे मला फार वाईट वाटले. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल बोलण्यात मागे पडत नाही. एकेका भाषेतले शब्द थोडे कमी भरतात, पण सगळ्या भाषांचे मिळून मोजले तर ते बहुधा वयाला साजेसेच असतात. शिवाय त्या घरात मुलाशी निवांत बोलायला आजीखेरीज होते कोण?

आई घरी विड्या वळते. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पाने आणि तंबाखू, आणि मूल मध्ये येऊ नये म्हणून त्याच्या हातात मोबाइल. तिला बोल लावणे मला पटत नाही, कारण विड्या वळल्या नाहीत तर मजुरी नाही. मात्र मूल ‘बा’ म्हणाले की कोणीतरी ‘बाबा? बाबा कामावर गेले’ असे म्हणावे लागते, त्यावर मुलाने पुन्हा काही म्हणावे लागते, आणि या देवाणघेवाणीतूनच भाषा घडते. मोबाइलवरचे गाणे मुलाच्या ‘बा’साठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये एक वर्षाखालील बाळांना पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नको, असे सांगितले आहे. हा मुलगा दिवसाचा बराच वेळ मोबाइलवर असतो.

तपासताना मी टेबलावर चमचा दोनदा वाजवला आणि थांबले. त्याने माझ्याकडे पाहिले, चमचा ओढून घेतला, दोनदा वाजवला आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. हवी ती वस्तू तो बोटाने दाखवतो, दाखवून आईकडे पाहतो, ही चिन्हे चांगली आहेत. तरीही श्रवणचाचणी मी लिहून दिलीच, कारण ‘मुलगे उशिराच बोलतात’ या समजुतीपायी कमी ऐकू येणारी मुले मोलाची वर्षे गमावतात. हिमोग्लोबिनही पाहायला सांगितले. लोहाच्या कमतरतेचा परिणाम मुलाच्या वाढत्या मेंदूवरही होतो.

आईला मी विड्या वळतानाच त्याच्याशी बोलायला सांगितले, मात्र तंबाखूच्या धुळीपासून त्याला लांब, आजीजवळ बसवून. आजीने तेलुगूतच बोलावे, गोष्टी सांगाव्यात, त्याच्या प्रत्येक आवाजाला उत्तर द्यावे. ‘मग शाळेत चालेल का, मॅडम?’ असे त्यांनी दोनदा विचारले, म्हणून घरची भाषा बंद करू नये आणि हाक मारल्यावर मूल वळत नसेल तर मला कळवावे, अशी चिठ्ठी त्याच्या बाईंसाठी लिहून दिली. चाचणीचा अहवाल घेऊन ते पुढच्या आठवड्यात येतील.