नियमात रंग लिहिलेला नसतो

अमेरिकेत क्रिटिकल रेस थिअरीवरून (म्हणजे कायदे आणि नियमांतून वंशभेद कसा टिकतो हे तपासणारा विचार) जी भांडणं चाललीयत त्याचे व्हिडिओ आता आपल्या फोंड्या-म्हापशाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पण फिरतात, आणि त्यात सांगतात काय तर गोऱ्या पोरांना शाळेत लाज वाटायला लावायचा हा डाव आहे. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण मुळात हा विषय लॉ कॉलेजातला, डेरिक बेल, किम्बर्ले क्रेनशॉ वगैरे कायद्याच्या प्राध्यापक मंडळींचा, आणि त्यांचा प्रश्न सरळ होता. 1964 चा नागरी हक्क कायदा झाला, कागदावर सगळे सारखे झाले, मग नोकरीत, घरात, शाळेत फरक उरला कसा?

क्रेनशॉने 1989 च्या लेखात जनरल मोटर्सची केस घेतलीय ती बघा. कंपनी 1964 आधी काळ्या बायकांना कामावर घेतच नव्हती, मग पुढे मंदी आली, कपात करायची झाली तर नियम काय, शेवटी लागला तो आधी बाहेर. नियमात रंगाचं नावसुद्धा नाही! पण 1970 नंतर लागलेल्या सगळ्या काळ्या बायका गेल्या. पाच जणी कोर्टात गेल्या तर कोर्ट म्हणालं, कंपनीत बायका आहेत की (त्या गोऱ्या, ऑफिसातल्या), म्हणजे बाई म्हणून भेदभाव नाही, आणि वंशाचा दावा असेल तर तो कंपनीवरच्या वंशभेदाच्या दुसऱ्या केसबरोबर चालवा, दोन्ही जोडून तिसरा दावा होत नाही.

आता गोव्यात या. वंश आणि जमात एक नव्हे हे मान्य, तरी प्रश्न तोच लागू पडतो. गावडा, कुणबी, वेळीप समाजाला एसटी (अनुसूचित जमात) दर्जा मिळाला 2003 ला, आणि मतदारसंघांची फेररचना झाली 2001 च्या जनगणनेवर, म्हणजे हे लोक त्या आकड्यात एसटी म्हणून नव्हतेच. 2011 ला हाच समाज दहा टक्क्यांच्या वर भरला, तरी 2022 च्या विधानसभा निवडणुकीत 40 पैकी एकही जागा त्यांच्यासाठी राखीव नव्हती. कोणी द्वेषाने केलं असं बोट दाखवता येत नाही, आणि तरीही इतकी वर्षं गेली ना!

जाहीर चर्चेत नेमकं हेच हरवतं. 2013 ला पर्रात एका नायजेरियन माणसाचा खून झाला, निषेधात त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हायवे अडवला, तेव्हा एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कॅन्सर म्हटलं, आणि मग बोलणं सगळं त्या शब्दावरच. शब्द भयंकरच होता, पण व्हिसा, भाड्याची खोली, पोलिस यांचे नियम त्यांच्यासाठी कसे चालतात हे कोणी विचारलं? तिकडे ट्रम्पने सप्टेंबर 2020 ला वंशभेदाविषयीच्या अशा सरकारी ट्रेनिंगला आळा घालणारा आदेश काढला, बायडेनने जानेवारी 2021 ला मागे घेतला, मग काही राज्यांनी शाळेत हे शिकवण्यावर बंधनं घालणारे कायदे केले, पण जनरल मोटर्सच्या त्या बायकांचं नाव कोण काढतंय.

वाद घालायचाच तर बेलशी घाला. 1954 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने शाळांमधलं काळ्या-गोऱ्यांचं वेगळेपण मोडलं ते शीतयुद्धात गोऱ्या सत्ताधाऱ्यांनाही सोयीचं होतं म्हणून, असं त्यांनी 1980 ला लिहिलं. त्यात तथ्य आहे, पण धमक्या सोसून आपल्या पोरांसाठी केस लढवणाऱ्या आईबापांचं श्रेय त्यात कमी पडतं असं मला वाटतं.