गुंड्याची बोट : धोपावे ते हार्विच

बरेच जण विचारतायत की तुमचा गुंड्या इंग्लंडला गेला तो विमानानं की बोटीनं. तर दोन्हीनं. आणि त्यातल्या बोटीचंच सगळ्यांना कुतूहल, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे प्रत्येकाला फोनवर परत परत सांगायला नको.

गुंड्या हा ताईचा कुत्रा. एकदम गावठी, गुहागरच्या मासळीबाजारात सापडलेला, सतरा-अठरा किलोचा, कान एक उभा एक आडवा. भावोजींना तिकडे नोकरी लागली तेव्हा आईचं म्हणणं होतं की कुत्रा राहू दे इथेच, आणि ताईचं म्हणणं होतं की मग मी पण राहते इथेच. विषय संपला.

आता ब्रिटनचा नियम असा आहे की भारतातून विमानानं कुत्रा थेट तिकडे न्यायचा तर तो कार्गो म्हणूनच जातो, तुमच्यासोबत केबिनमध्ये किंवा तुमच्या सामानाबरोबर नाही. म्हणजे एजंट आला, बिल आलं, आणि कुत्रा कुणाच्या तरी हातात सोपवून आपण घड्याळ बघत बसायचं. पण समुद्रमार्गे मालकाबरोबर आलेल्या कुत्र्याला ही अट नाही, फक्त मंजूर रूट पाहिजे. म्हणून खूप लोक करतात तेच ताईनं केलं, मुंबई ते अ‍ॅमस्टरडॅम विमानानं (गुंड्या खाली होल्डमध्ये, क्रेटमध्ये), आणि मग हूक ऑफ हॉलंड बंदरातून रात्रीच्या फेरीबोटीनं सकाळी इंग्लंडात हार्विच. युरोस्टार ट्रेन जवळची वाटते पण तिच्यात पाळीव प्राणी घेतच नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा, या रूटनं माणसाला शेंगेनचा (म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असतो तो) पण व्हिसा लागतो आणि ब्रिटनचा पण.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण ते कंटाळवाणं आहे पण क्रम चुकला तर सगळं परत पहिल्यापासून. आधी मायक्रोचिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती), मग रेबीजची लस, उलट नाही. लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त काढायचं आणि युरोपियन युनियननं मान्य केलेल्या लॅबला पाठवायचं, त्यात अँटिबॉडी ०.५ आययू पर एमएल किंवा जास्त आली पाहिजे, आणि रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. आपल्याकडे रेबीज आहे म्हणून हे सगळं, त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. शेवटी सरकारी डॉक्टरच्या सहीशिक्क्याचं हेल्थ सर्टिफिकेट, युरोपचं वेगळं आणि ब्रिटनचं वेगळं, आणि दोन्ही सही झाल्यापासून १० दिवसांच्या आत वापरायची. अण्णा हे ऐकून म्हणाले, "मला पासपोर्ट काढताना एवढं विचारलं नव्हतं."

पण माझं मत विचाराल तर कागदांची काळजी लोक उगाच जास्त करतात. कागदांची यादी तरी मिळते. कुत्र्याच्या डोक्यात काय चाललंय त्याची यादी कुठे मिळते? तीन महिने थांबायचंच होतं तर मी म्हटलं याला बोटीची सवय लावू, आणि आपल्याकडे तर घराजवळच बोट आहे. धोपावे-दाभोळ जंगलजेट्टी, म्हणजे खाडीतली फेरीबोट, २००३ पासून चालू आहे, गाड्या चढतात, एसटीला चिपळूणवरून जेवढा वळसा पडतो तो वाचतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत वाशिष्ठी पार.

तिथे कळलं की कुत्रा पाण्याला घाबरतच नाही. पाणी त्याच्या हिशोबात लांब कुठेतरी असतं. तो घाबरतो रॅम्पला. लोखंडी रॅम्पवरून जीप गेली की जो धाडकन आवाज होतो ना, त्याला गुंड्यानं पहिल्यांदा अंगच टाकलं, चारी पाय पसरून बसला, मागे गाड्यांची लाइन, हॉर्न, आणि एक मासळीवाली मावशी डोक्यावर पाटी घेऊन ओरडतेय, "रे बाबा, उचल त्येला नायतर बाजूला हो!" उचलला. त्यानंतर आम्ही गाड्या चढायच्या आधीच जायला लागलो, नुसतं रॅम्पजवळ बसायचं, सुका जवळा खायला द्यायचा आणि घरी. मग रॅम्पवर. मग आत. मग इंजिन चालू असताना आत, कारण पायाखालचं लोखंड थरथरतं ते त्याला अजिबात कळत नव्हतं, सारखा खाली बघायचा. जेट्टीवरच्या पोरांना एवढा ओळखीचा झाला की तेच हाक मारायला लागले. तिकीटवाल्यानं त्याचे पैसे कधी मागितले नाहीत. आणि हो, दुपारी नेऊ नका, डेकचं लोखंड एवढं तापतं की आपला तळहात ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजाला कसं सोसेल.

दुसरी अडचण शू-शीची, आणि ही कुणी सांगत नाही. गावातला कुत्रा मातीत जाणार, झाडाशी जाणार. जहाजावर माती कुठली? ताईला कुणीतरी सांगितलेलं की कुत्रे रात्रभर दाबून ठेवतात आणि बंदरावर उतरल्या उतरल्या सोडतात. म्हणून मागच्या पडवीत एक गोणपाट टाकला आणि सकाळी त्याच्यावरच उभा करायचा. हा प्रकार आईला अजिबात पटला नाही. पण जमलं. मग त्याच गोणपाटाचा एक तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी अजून एका पिशवीत, असा ताईच्या बॅगेतून युरोपला गेला.

हॉलंडला उतरल्यावर तिथल्या व्हेटकडून जंताचं औषध द्यावं लागतं, ब्रिटनला पोहोचायच्या आधी २४ ते १२० तासांच्या मधे, ना लवकर ना उशिरा, आणि ते सर्टिफिकेटवर वेळेसकट लिहून घ्यायचं. युरोपात कोल्ह्यांमधून पसरणारा एक टेपवर्म आहे, तो ब्रिटनमध्ये नाही आणि त्यांना तो नकोय. म्हणून ताई दोन दिवस रॉटरडॅमला थांबली. तिथून हूकच्या बंदरापर्यंत चक्क मेट्रो जाते आणि गुंड्या मेट्रोत बसून गेला. या रूटवर गाडी नसलेल्या पायी प्रवाशांनाही कुत्रा नेता येतो, सगळ्या रूटवर तसं चालत नाही, ते बुकिंगच्या आधी बघा.

जहाज २४० मीटर लांब. ताईनं व्हिडिओ कॉल लावला तर आई म्हणाली, "अगं ही बोट आहे की एमआयडीसी?" चढायच्या आधी चिप स्कॅन केली, कागद बघितले, बस. पेट केबिन घेतली होती, म्हणजे कुत्रा तुमच्याच खोलीत, खाली कार्पेट नाही, पुसता येईल अशी फरशी. केनेलपण (कुत्रे ठेवायचे पिंजरे) असतात पण अनोळखी ठिकाणी रात्रभर एकटा ठेवण्यापेक्षा पैसे गेले तरी केबिनच घ्या. जेवण चढायच्या बरंच आधी आणि कमी, कारण माणसासारखी कुत्र्यालाही बोट लागते, लाळ गळायला लागली की समजायचं.

आणि थरथरणाऱ्या लोखंडावर साहेब आरामात चालत गेले, ताई म्हणते आजूबाजूचे उंची जातीचे कुत्रे कुईं कुईं करत होते आणि हा शेपटी वर करून. कुत्र्यांसाठी डेकवर जागा ठेवलेली असते तिथे गोणपाट टाकला, गुंड्यानं वास घेतला, गोल फिरला आणि काम उरकलं. शेजारच्या डच बाईनं ताईला विचारलं हे कापड कुठे मिळतं.

आता त्यांचा उन्हाळ्यात फ्रान्सला फेरीबोटीनं जायचा बेत आहे. २०२१ पासून ब्रिटनचा पेट पासपोर्ट युरोपात चालत नाही, दर ट्रिपला व्हेटकडून नवीन सर्टिफिकेट घ्यावं लागतं आणि ते स्वस्त नसतं. शिवाय रेबीजचा बूस्टर वेळेवर झालाच पाहिजे, नाहीतर ती रक्ततपासणीपण बाद. अण्णांनी कालनिर्णयवर बूस्टरची तारीख लाल पेनानं लिहून ठेवलीय, तिला अजून कितीतरी महिने आहेत, तरी दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तोच.