तेमानी पाऊल सुटलं, ओल्या पायांनी

काल संध्याकाळी, इस्रायलमधल्या दिमोनातल्या आमच्या हॉलच्या मागच्या अंगणात, अकरापैकी नऊ मुलांनी सलग आठ तेमानी घेतली. उजवं, डावं, उजवं, डावं. कुणी कुणावर आदळलं नाही. तेमानी म्हणजे येमेनी ज्यूंकडून इस्रायली लोकनृत्यात आलेलं पाऊल, मी ते या मुलांना शिकवते आहे. मागच्या दोन नोंदी ज्यांनी वाचल्यात त्यांना कळेल, मी रात्री अकरा वाजता लिहायला का बसले आहे ते.

अडचण तीच, चार आठवडे जुनी. मोजणी सगळ्यांना तोंडपाठ: बाजूला, मागे, ओलांडून, थांब. दोन जलद, एक सावकाश. तोंडानं सगळं बिनचूक, पण दुसऱ्या पावलाला घोटाळा. डावा पाय मागे जातो, चवडा टेकतो, पण अंगाचं वजन उजव्यावरच राहतं. मग तिसऱ्या मोजणीला उजवा पाय मोकळाच नसतो, म्हणून डावाच ओलांडून पुढे येतो. थांबल्यावर वजन डाव्यावर, मोकळा उजवा, आणि पुढचं तेमानी घ्यायचं असतं डावीकडे! निम्मा मअगाल, म्हणजे नाचाचं वर्तुळ, एका दिशेला, निम्मा दुसऱ्या, हात धरलेले, आणि मधली दोन पोरं दोन्हीकडून खेचली जातात. सगळ्यात धाकटी दोनदा पडली. तिसऱ्यांदा ती नाचायला उभीच राहिली नाही, भिंतीला टेकून बसली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

काय काय करून पाहिलं ते सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. पाय कुठे ठेवायचा ते पट्टी दाखवते, पण पायावर भार आहे की नाही हे तिला कसं कळणार? वर "सहज निघते" म्हणून दुकानदारानं दिलेल्या त्या पट्टीचा डिंक मी अजून खरवडते आहे. व्हिडिओ दाखवले, बहुतेक समोरून काढलेले, त्यामुळे मुलं उजव्याचं डावं करतात. पाठीमागून काढलेला मिळाला तरच दाखवा, नाहीतर तुम्हीच मुलांकडे पाठ करून उभ्या राहा. मग आईची जुनी लेझीम काढली. आवाजानं मुलं खूश झाली, पण लेझमीचे ठोके सारख्या अंतरावर पडतात आणि तेमानीतलं तिसरं पाऊल रेंगाळायला हवं. लेझमीनं ते रेंगाळणंच खाऊन टाकलं. गाण्याची लय कमी करणारं अ‍ॅपही वापरलं. ऐंशी टक्क्यांपर्यंत ठीक, त्याखाली गाणं चिखलासारखं होतं. त्यापेक्षा दरबुका, म्हणजे हातानं वाजवायचा छोटा ढोल, घ्या. हातानं वाजवलेल्या दरबुक्याला मुलांचे पाय दिसतात, स्पीकरला दिसत नाहीत.

काल हॉलचा एसी बंद पडला. नेगेव वाळवंटाचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. अंगण गार व्हावं म्हणून मी नळीनं पाणी मारलं आणि मुलांना अनवाणी बाहेर आणलं. पाण्यात पाय बुडवून एक मुलगा कोरड्या कडेला आला आणि आपला आपणच तेमानी घ्यायला लागला. माझं लक्ष सिमेंटवर गेलं. पहिल्या पावलाचा अख्खा ठसा, टाच, चवडा, बोटं, सगळं. दुसऱ्या पावलाच्या जागी अंगठ्याएवढा पुसट ठिपका. बस. चार आठवडे जे शब्दांत सांगता येत नव्हतं ते तिथे खाली उमटलेलं होतं.

मी त्याला म्हटलं, "हे बघ, इथे तू उभाच राहिला नाहीस." तो गुडघ्यावर बसून ठिपक्याकडे बघत राहिला. मग उठला, पाय परत भिजवले, आणि दुसऱ्या पावलाला चवड्यावर असा उभा राहिला की पाचही बोटं आणि त्यामागची गादी काळीभोर उमटली. टाच नाही, टाच तिथे उचललेलीच हवी. तिसरं पाऊल आपोआप उजव्यानं पडलं. मग काय, बाकीच्यांनी बादलीला गराडाच घातला. ठसे आमच्याकडे बघता बघता वाळतात, म्हणून जोड्या केल्या: एकानं नाचायचं, दुसऱ्यानं लगेच वाकून वाचायचं. पावलंही लहान झाली, कारण लांब पाऊल टाकलं की ठसा फरफटतो. तेमानी, म्हणजे येमेनी, ज्यू छोट्या जागेत नाचत आले, पाऊल मुळात जागच्या जागीच घ्यायचं असतं. हे मी किती वेळा सांगितलं होतं!

संध्याकाळच्या हरकादासाठी, म्हणजे मोठ्यांच्या लोकनृत्यासाठी, आमच्या आजीमंडळी तेवढ्यात आल्या. त्यातल्या एक अलिबागकडच्या. ठसे बघून थबकल्या आणि मराठीतच म्हणाल्या, "अगं, हा तर आपल्या खंडाळ्याचा टापा." आमच्या बेने इस्रायलांत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंत, एलियाहू हन्नाबी हे संदेष्टे अलिबागजवळच्या या खंडाळ्यातल्या खडकावरून रथानं स्वर्गात गेले असं मानतात, खडकावरच्या खुणेला टापा म्हणतात. मुलांनी त्यांना गोष्ट सांगायला लावली. यातल्या एकानंही कोकण पाहिलेलं नाही. गोष्ट संपेपर्यंत सगळ्यात धाकटी भिंतीपासून उठून बादलीत पाय घालून उभी होती.

'माइम माइम' या वर्तुळातल्या नाचाचं माइम पाऊल मात्र आठवड्यात बसलं होतं. तिथे वर्तुळाचा वेगच भार या पायावरून त्या पायावर नेतो, लबाडीला जागाच नाही. संध्याकाळच्या मंडळींना दर आठवड्याला नवा नाच हवा असतो, पण मुलांसाठी मी जुन्यांवरच ठाम आहे. 1944 ला गुरित कदमन यांनी किबुत्स दालिया या सामुदायिक शेतीच्या वस्तीत लोकनृत्यांचा पहिला मेळावा भरवला, त्या पिढीचे नाच छोटे आहेत, भाग परत परत येतात, मुलांना धरायला सोपे.

शवुओत या ज्यू सणाच्या कार्यक्रमातून मी तेमानी काढून टाकलं होतं, पालकांना तसं कळवलंही होतं. ते परत घालते आहे. आणि हे लिहिताना आणखी एक सुचलं. आमच्या मोरक्कन शेजाऱ्यांकडे शवुओतला एकमेकांवर पाणी उडवायची चाल आहे. 'माइम माइम' हा नाचही पाण्याचाच, 1937 मध्ये किबुत्स नाआनला पाणी लागल्याच्या आनंदासाठी एल्झे दुबलोन यांनी बसवलेला. मग सुरुवात पाण्यानंच का नको? मुलं अंगणाच्या एका कडेला पाणी ओततील, संथ आठ तेमानी घेतील, ठसे लोकांना दिसू देतील, मग कोरड्या भागात येऊन माइमचा मअगाल धरतील. ओल्यात धावायचं अजिबात नाही, हे आधीच ठरवून टाकलंय. शेवटच्या भागात डाव्या पायावर उड्या मारत मुलं टाळी देतात, तिथे आतल्या वर्तुळात आजींचा झिम्मा. दोन्ही टाळ्या एकत्र पडतात, मी आत्ताच स्वयंपाकघरात एकटीनं करून पाहिलं. मागच्या रांगेला ठसे कसे दिसणार हा प्रश्न उरतो. बाकं उंचावर मांडावी लागतील, किंवा प्रेक्षकांनाच भोवती उभं करावं.

दोघांचं अजून जमलेलं नाही. एकाचं फक्त डावीकडचं तेमानी अडतंय. दुसरी सगळ्यात धाकटी. तिचा ठसा उमटतो, पण थांब म्हटल्यावर ती थांबत नाही. बुधवारी तिला अर्धा तास आधी बोलावलंय. दरबुका आणि दोन बादल्या तयार ठेवते.