व्हीलचेअरचे ब्रेक चालत्या खुर्चीसाठी नसतात

हाताने ढकलायच्या व्हीलचेअरला मोठ्या चाकांपाशी दोन खटके असतात. ते ओढले की एक लोखंडी दांडी टायरवर दाबून बसते. काम इतकंच: उभी खुर्ची जागची हलू नये. उतारावर वेग आवरायला खटका ओढला तर चाक जागीच अडतं आणि बसलेला माणूस तोंडघशी जातो.

हवेच्या टायरमध्ये हवा कमी झाली की दांडी नीट टेकत नाही. खटका बसल्यासारखा वाटतो, चाक मात्र फिरतं. दोन्ही ब्रेक लावून खुर्ची मागून ढकलून बघा. चाकं फरशीवर घसरली तर ठीक. फिरली तर आधी हवा भरा, मग ब्रेकचा नट सरकवून दांडी टायरजवळ आणा. हवा किती हवी हे टायरच्या कडेला छापलेलं असतं. सायकलच्या दुकानात हे काम सहज होतं.

माणूस रस्त्यावर पडेल अशी भीती घरच्यांना असते. प्रत्यक्षात पलंगावरून खुर्चीत बसताना आणि खुर्चीतून उठताना फार जण पडतात. खुर्ची पलंगाला समांतर लावू नका, साधारण 30 ते 45 अंशांत तिरकी लावा. अर्धांगवायू झालेल्या माणसाला पलंगावरून खुर्चीत घेताना ती त्याच्या चांगल्या बाजूला हवी. दोन्ही ब्रेक लावा आणि फूटरेस्टच्या पट्ट्या वर करा. पट्टीवर पाय ठेवून उभं राहिलं की सगळं वजन पुढे जातं आणि खुर्ची मागून उचलली जाते. पडण्याची ही नेहमीची रीत. माणसाला आधी कडेपर्यंत सरकू द्या, पावलं जमिनीवर पूर्ण टेकू द्या. धरणाऱ्याने आपले गुडघे वाकवावेत, त्याच्या अधू गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा टेका द्यावा आणि कमरेला धरावं. काखेत हात घालून ओढायची सवय फार वाईट: लुळ्या हाताचा खांदा निखळतो. ‘एक, दोन, तीन’ मोठ्याने म्हणा, म्हणजे दोघांचा जोर एकाच वेळी लागेल.

बसल्या बसल्या पुढे वाकून काही घ्यायचं असेल तर आधी पुढची लहान चाकं पुढच्या दिशेला वळवून घ्या. त्यासाठी खुर्ची थोडी पुढे नेऊन वीतभर मागे घ्यायची. मग टेकण पुढे सरकतं आणि खुर्ची तोल सांभाळते. खाली पडलेली वस्तू दोन गुडघ्यांमधून हात घालून मात्र उचलू नये.

साताऱ्यात खरा प्रश्न चढउताराचा. अजिंक्यताऱ्याच्या अंगाच्या माची पेठेसारख्या भागातल्या गल्ल्या एकट्याने चढायच्या नाहीतच, सोबत कुणीतरी हवं. साध्या उतारावर बसणाऱ्याने पाठ मागे टेकावी आणि हातांनी रिम (मोठ्या चाकाला बाहेरून असलेली धरायची कडी) हळूहळू सोडत जावी. उतार तीव्र असेल तर खुर्ची उलटी करून न्यावी: ढकलणारा उताराच्या बाजूला, बसलेल्याचं तोंड चढाकडे. मग घसरली तरी ती धरणाऱ्याच्या अंगावर येते, माणूस बाहेर फेकला जात नाही. चढावर तिरकं वळू नका, कलंडते. पावसात ओली रिम हातातून सटकते. पकड असलेले हातमोजे घालावेत.

एका पायरीची कृती अशी. चढताना तोंड पायरीकडे. मागच्या बाजूला खाली जे पाय द्यायचे दांडे असतात, त्यांतल्या एकावर पाय देऊन हँडल खाली दाबायचं, लहान चाकं पायरीवर टेकवायची, मग मोठी चाकं पायरीला भिडवून वर सरकवायची. उतरताना उलटं, पाठमोरं, मोठी चाकं आधी. गतिरोधकावरून तिरपं जाऊ नका, सरळ जा, आणि लहान चाकं किंचित उचलून न्या. गटाराच्या जाळीच्या फटीतही हीच चाकं अडकतात.

मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवर मदतीला चौघे धावून येतात आणि निम्मे जण आर्मरेस्ट धरतात. बऱ्याच खुर्च्यांचे आर्मरेस्ट आणि फूटरेस्ट निघणारे असतात. वर उचलताना ते हातात येतात. धरायचं ते मुख्य सांगाड्याला आणि मागच्या हँडलांना, तेही त्यांच्या रबरी मुठी घट्ट आहेत हे बघून. हुकूम एकानेच द्यायचा, सगळ्यांनी एकदम सूचना द्यायला लागलं की गोंधळ होतो.

घरी रॅम्प करायचा तर प्रमाण 1:12. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट उतार. तीन पायऱ्या म्हणजे अठरा फूट, आणि अंगण एवढं नसेल तर मध्ये सपाट जागा देऊन वळण घ्यावं लागतं. गवंडी तीन फुटांत बसवून देतो म्हणाला तर ऐकू नका. गुळगुळीत शहाबादी फरशीही नको. खुर्ची घेण्याआधी मोरीचा दरवाजा मोजा. 18 इंच बैठकीच्या खुर्चीची पूर्ण रुंदी बहुधा 25 इंचांच्या आसपास जाते. बैठक माणसाच्या नितंबांपेक्षा दोन्हीकडे बोटभर रुंद पुरे. किरकोळ बांध्याचा माणूस रुंद खुर्चीत एका अंगाला झुकतो.

हँडलला भाजीच्या जड पिशव्या टांगू नका. रिकामी खुर्ची तर लगेच उताणी होते, आणि चढावर बसलेल्या माणसासकटही. पदर, ओढणी, शाल मांडीखाली खोचून घ्या, चाकाच्या तारांत गेली की गळ्याला फास बसतो.

सतत बसणाऱ्याला जखमांचा धोका असतो, विशेषतः कमरेखाली जाणीव नसेल तर. दर 15 ते 30 मिनिटांनी भार हलवायचा: पुढे किंवा एका बाजूला झुकून मिनिट-दोन मिनिटं थांबायचं. हातांवर नुसतं वर उचलून लगेच बसणं पुरत नाही. मध्ये भोक असलेली रबरी रिंग लोक आवर्जून आणतात. तिच्या कडांवर दाब येतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा आटतो. फोमची चांगली गादी घ्या आणि दाबून बसली की बदला. उन्हात उभ्या केलेल्या खुर्चीची रेक्झिन आणि लोखंडी भाग आधी हात लावून बघा.

लहान चाकांच्या आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळले जातात, महिन्यातून एकदा ते चिमट्याने काढा. घडीची खुर्ची उघडताना बैठकीच्या दोन्ही दांड्यांवर तळहात दाबायचे, बोटं दांड्याखाली वळवायची नाहीत, चेंगरतात. सांगलीत 2019 सारखं कृष्णेचं पाणी घरात शिरलं आणि खुर्ची बुडाली तर नुसती पुसून वापरू नका. चाकं उघडून बेअरिंगचे छर्रे धुवा, गंजलेले बदला, नवं ग्रीस भरा. गादी फेकून द्या.