पहिलं होम थिएटर: आधी सेंटर स्पीकर ऐका

५.१चा संच (पाच स्पीकर आणि खालच्या सुरांचा एक सबवूफर) घ्यायला दुकानात गेलं की नजर जाते ती पुढच्या दोन उंच टॉवर स्पीकरवर. सिनेमातलं बोलणं मात्र जवळजवळ सगळं टीव्हीखालच्या सेंटर स्पीकरमधून येतं. टॉवरवर पैसे संपतात, सेंटर उरलेल्या रकमेत बसवला जातो आणि घरी आल्यावर संवाद समजेनात म्हणून आवाज वाढवावा लागतो, मारामारी सुरू झाली की कमी करावा लागतो. मिक्सिंगचाही त्यात वाटा असतो, पण ते आपल्या हातात नाही. सेंटर कोणता आणि तो कुठे ठेवायचा, हे आहे.

आपल्याकडच्या फ्लॅटमधला नेहमीचा हॉल धरू: १० बाय १५ फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, टीव्ही आखूड भिंतीवर, सोफा स्पीकरपासून १० फुटांवर. एवढ्या जागेला टॉवर लागतच नाहीत. साडेपाच-साडेसहा इंची वूफरचे (खालच्या-मधल्या सुरांचा मोठा गोल) चांगले बुकशेल्फ, म्हणजे फळीवर किंवा स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर, आणि १० इंची सबवूफर पुरतात. हॉल स्वयंपाकघराला आणि पॅसेजला उघडा असेल तर ती हवाही सबवूफरलाच हलवायची असते, तेव्हा १२ इंची बघा. रक्कम कमी असेल तर एका खोक्यातला स्वस्त ५.१ घेण्यापेक्षा ३.१ने सुरुवात करा: डावा, उजवा, सेंटर आणि सबवूफर. मागचे दोन नंतर घेता येतात. रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) मात्र पहिल्यापासून ५.१ किंवा ७.१चा असू द्या. पुढचे तिन्ही स्पीकर एकाच सीरिजचे हवेत, नाहीतर डावीकडून उजवीकडे चालत जाणाऱ्या पात्राचा आवाज वाटेत बदलतो.

सेंटर निवडताना नुसत्या रूपावर जाऊ नका. मधे ट्वीटर (उंच सुरांचा छोटा गोल) आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर ही आडवी मांडणी सगळ्यांत जास्त विकली जाते, आणि तिच्यात एक अंगभूत दोष आहे. सोफ्याच्या टोकाला बसलेल्या माणसापासून दोन वूफरचं अंतर सारखं नसतं. दोन्हींतून तोच आवाज थोडा मागेपुढे पोचतो आणि माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यातल्या काही लहरी एकमेकींना खोडतात. मधे बसलेल्याला सगळं स्वच्छ, कडेला बसलेल्या आजीला मात्र आवाज पोकळ. दुकानात बातम्या लावा, समोर बसून ऐका, मग ३-४ फूट बाजूला सरका. निवेदकाचा आवाज पातळ झाला तर तो स्पीकर तिथेच सोडा. ट्वीटरच्या खाली किंवा वर मधल्या सुरांसाठी वेगळा छोटा मिडरेंज असलेला थ्री-वे सेंटर इथे बराच बरा. टीव्ही थोडा वर असेल तर त्याहून सोपा उपाय आहे: डाव्या-उजव्यासारखाच तिसरा बुकशेल्फ उभा ठेवायचा. माझी पहिली पसंती यालाच.

ऐकून तुलना करताना सगळ्यांत मोठी फसगत आवाजाच्या पातळीची होते. एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा जेमतेम १ डेसिबलने मोठा असला, तरी तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. रिसीव्हरचा टेस्ट टोन लावा, मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप सी-वेटिंगवर (खालचे सूरही नीट धरणारी सेटिंग) ठेवा आणि बसण्याच्या जागी दोन्हींची पातळी एक करून घ्या. विक्रेत्याची डेमो क्लिप नको. तिच्यात स्फोट आणि काचा फुटणं असतं, आणि स्फोट कसा असायला हवा हे कुणालाच ठाऊक नसतं. माणसाचा आवाज आपण रोज ऐकतो. भारदस्त पुरुषी आवाज डब्यातून बोलल्यासारखा येतोय का, 'स' आणि 'श' कानाला टोचतात का, हे आधी ऐका. मग तबला: बायाँवरची मींड सलग घसरत गेली पाहिजे, मधेच एखादा सूर फुगायला नको. तानपुऱ्याची जवारी ऐकू यावी, पण तिची किरकिर होऊ नये. हे सगळं निदान २० मिनिटं चालू द्या. जास्त झगझगीत आवाजाचा स्पीकर पहिल्या दोन मिनिटांत जिंकतो आणि अर्ध्या तासात डोकं उठवतो.

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर लपवून श्रोत्यांच्या अनेक चाचण्या घेतल्या. नाव आणि किंमत दिसत नसताना लोकांनी बहुतांशी तेच स्पीकर निवडले, ज्यांचा समोरून मोजलेला आलेख सपाट होता, म्हणजे सगळे सूर सारख्याच पातळीने येत होते, आणि बाजूला जाणारा आवाजही एकसारखा उतरत होता. म्हणून घ्यायच्या मॉडेलची स्पिनोरामा मोजमापं (स्पीकरच्या सगळ्या बाजूंनी घेतलेली) उपलब्ध असतील तर ती जरूर बघा. दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली (आकडा जितका लहान तितका सूर खालचा) मात्र स्पीकरपेक्षा खोलीचंच राज्य चालतं.

माहितीपत्रकावर पीएमपीओ, म्हणजे क्षणिक कमाल ताकदीचा, हजारो वॅटचा फुगवलेला आकडा दिसला तर तो वाचूच नका. बघायची ती सेन्सिटिव्हिटी: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते. ८७ डेसिबलचा स्पीकर १० फुटांवर ९० डेसिबलचा जोरदार क्षण ऐकवायला साधारण १८ वॅट घेतो. ८४ डेसिबलच्या स्पीकरला त्याच कामाला ३६ वॅट लागतात, कारण दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट होतात. '४५ हर्ट्झपर्यंत' असं लिहिलं असेल तर पुढे ±३ डेसिबल, म्हणजे तिथपर्यंत आवाज किती वरखाली होतो ती मर्यादा, आहे का ते पाहा. मर्यादा न सांगता दिलेल्या आकड्याला अर्थ नाही. ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, तोही बघा. ४ ओहमचे स्पीकर स्वस्त रिसीव्हरला तापवतात आणि मोठ्या आवाजात तो स्वतःला बंद करून घेतो.

मांडणीच्या चित्रांत पुढचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या नाकासमोरच्या रेषेपासून २२ ते ३० अंशांवर दाखवतात. सोफा १० फुटांवर असेल तर ३० अंशांसाठी दोघांत साडेअकरा फूट अंतर लागतं, ते १० फुटांच्या भिंतीवर बसणारच नाही. २२ अंश धरा: अंतर ८ फूट येतं आणि कडेला एकेक फूट मोकळं राहतं. सेंटर कपाटाच्या खणात आत ढकलू नका. त्याचं तोंड फळीच्या कडेला आणा आणि पुढच्या कडेखाली रबराचा तुकडा सरकवून ट्वीटर कानाच्या दिशेने वर करा. आत ठेवला की खणच घुमू लागतो. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर सराउंड, म्हणजे मागचे दोन स्पीकर, मागच्या कोपऱ्यात नकोत. बाजूच्या भिंतींवर, सोफ्याच्या रेषेत किंवा किंचित मागे, कानापेक्षा फूट-दीड फूट वर लावा. टाइल्सवर सोफ्यासमोर जाड गालिचा आणि खिडकीला जड पडदे हवेतच. टाळी वाजवून झण्ण असा प्रतिध्वनी येत असेल तर महागडा सेंटरही हरतो.

सबवूफर रिकाम्या कोपऱ्यात सारून मोकळं होऊ नका. १५ फूट लांबीच्या खोलीत ३८ हर्ट्झच्या आसपास आणि १० फूट रुंदीमुळे ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज काही जागी फुगतो, काही जागी गायब होतो. सबवूफर थोडा वेळ सोफ्यावर, बसायच्या जागीच ठेवा, बास गिटारचा संथ तुकडा लावा आणि जमिनीलगत कान नेत भिंतीकडेने फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, तिथे सबवूफर.

मग रिसीव्हरचं कॅलिब्रेशन, म्हणजे सोबतच्या माइकने खोली मोजून सगळे स्पीकर जुळवणं. पंखा, एसी बंद, माइक कानाच्या उंचीवर स्टँडला, सोफ्याच्या पाठीपासून थोडा पुढे. झाल्यावर मेन्यू तपासा: स्पीकर 'लार्ज' दाखवत असेल तर 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवा. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसलं तर बदलू नका, त्यात सबवूफरच्या सर्किटचा विलंब धरलेला असतो.

वायर अस्सल तांब्याची, १६ गेज (आकडा लहान तितकी वायर जाड). मागच्या स्पीकरपर्यंत ४०-५० फूट जात असेल तर १४. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर हुबेहूब तशीच दिसते, म्हणून टोक खरवडून बघा, आत चंदेरी दिसलं तर परत करा. घराचं काम चालू असेल तर स्पीकरच्या वायरसाठी लाइटच्या वायरिंगपासून वेगळा पाइप टाकून घ्या. जोडताना एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटले तर बास गळून पडतो आणि आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. शंका आली तर वायर रिसीव्हरपासून सोडवा आणि तिच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. प्लसला प्लस असताना वूफर बाहेर सरकला पाहिजे.

जुने स्पीकर घेणार असाल तर जाळी काढून वूफरभोवतीची रिंग बोटाने अलगद दाबा. रबराची टिकते. फोमची रिंग मुंबई-कोकणच्या दमट हवेत लवकर कुजते. बोटाला भुगा लागला तर रिंग बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मगच भाव बोला.